बोकडाची वरमाय

मावशींचं लक्ष माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या तालुक्याकडे जायचं. अमेरिकेत, आमच्या रेडमंडमधल्या कुठल्याही पार्टीत नवं जोडपं दिसलं की त्या प्लेट बाजूला ठेवून विचारणार, "तू कुठली? आणि हा?" एक चिपळूणची आणि दुसरा जळगावचा निघाला की मावशी खूश. "झकास. तुमच्या पोरांना सर्दीसुद्धा घाबरेल." दोघं एकाच गावचे असले तर नुसतं "बरं" म्हणून समोसा उचलायच्या. त्या एका 'बरं'ने कित्येक सुखी संसारांची झोप उडवली होती.

मावशी फलटणच्या, जनावरांच्या डॉक्टर. अर्धं आयुष्य गावच्या शेळ्यांना इंजेक्शनं टोचण्यात गेलं आणि पन्नाशीच्या आसपास त्या इथल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत डोंगरी शेळ्यांची जनुकं तपासायला रुजू झाल्या. या शेळ्या पांढऱ्याशुभ्र, दाढीवाल्या, आणि सरळसोट कड्यावर अशा उभ्या राहतात की बघणाऱ्यानेच दोन पावलं मागे सरावं. पण कळप आटत चालले होते. त्यातल्या एका एकाकी डोंगरावरच्या कळपावर मावशींचा फार जीव.

शेळ्या का आटतात, हे त्यांनी मला माझ्याच स्वयंपाकघरात, मिसळणाचा डबा उघडून समजावलं. "रोग म्हणजे आगंतुक पाहुणे. प्रत्येकाला वाटेला लावायची फोडणी वेगळी. अंगात रोगाशी लढणारी जनुकं असतात ना, त्या ह्या वाट्या. जितके प्रकार, तितकं बरं. आणि माझ्या कळपाच्या डब्यात काय? सगळ्या वाट्यांत मोहरी. पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या घरात लग्नं."

"मग साथ आली तर?"

"मोहरी तडतडेल, आणि कळप संपेल."

त्याच सुमारास माझी आई कऱ्हाडहून कऱ्हाडच्याच मुलींचे फोटो ईमेल करत होती. मावशींनी ते चष्मा लावून पाहिले. "आईंना सांग, शेळ्यांची चूक करू नका." मग त्यांनीच त्यांच्या विद्यापीठात शिकणारी भंडाऱ्याची माधुरी माझ्यासमोर आणून बसवली. आईने महिनाभर अबोला धरला. पुढे इथे येऊन माधुरीच्या हातचा झणझणीत रस्सा खाल्ला आणि नाक पुसत पुसत होकार दिला.

आमचं उरकल्यावर मावशी कळपाच्या मागे लागल्या. स्थळ शोधलेलंच होतं: दूरच्या डोंगररांगेतला, ऐन उमेदीतला बोकड. वरच्या साहेबांनी पुष्कळ मनधरणीनंतर परवानगी दिली, तीही एकदाच. जमलं तर जमलं. शरद ऋतूत मावशींच्या प्रकल्पाचा पैसाही संपणार होता.

त्या सकाळी वऱ्हाडी म्हणून माधुरी आणि मी धापा टाकत डोंगरावर पोचलो. मावशींनी फील्ड जॅकेटवर मोत्यांची नथ घातली होती. हेलिकॉप्टरखाली झोळीत लटकत नवरदेव आला. घाबरू नये म्हणून त्याच्या डोळ्यांवर पट्टी, कोणाला भोसकू नये म्हणून शिंगांना रबरी नळ्या.

"मुंडावळ्या बांधून आले जावईबापू," माधुरी म्हणाली.

मी खिशातून अक्षता काढल्या. मावशींनी हातावर चापट मारली. "जंगलात तांदूळ टाकतोस? ठेव परत." त्यांनी दबक्या आवाजात मंगलाष्टक म्हटलं, शिंगांच्या नळ्या काढल्या आणि 'सावधान'ला डोळ्यांची पट्टी सोडली. नवरदेवाने समोरच्या उतारावरचा कळप पाहिला, नथ घातलेली वरमाय पाहिली, आणि नेमका उलट्या दिशेने पळत डोंगराच्या धारेपलीकडे नाहीसा झाला.

"यार, नवरदेव पळाला," मी म्हणालो.

मावशी दगडावर बसल्या. नथ काढून रुमालात गुंडाळली. "मानपान कमी पडला असेल," एवढंच म्हणाल्या, आणि खाली उतरेपर्यंत त्यांनी कोणाचाही तालुका विचारला नाही.

शरदात त्यांनी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, अल्फारेटाजवळ घर घेतलं, तिथल्या एका प्रयोगशाळेत नोकरी मिळाली म्हणून. विमानतळावर माधुरीला मिठी मारून म्हणाल्या, "पुढच्या उन्हाळ्यात एकदा वर जाऊन या. करडांच्या लेंड्या बारीक असतात. तेवढ्या वेचून पाठवा, लेंडीतूनही बापाची जनुकं कळतात. शेवटचं बघून घेते."

लग्नाच्या वाढदिवशी लोक मेणबत्त्या लावून जेवतात. आम्ही उतारावर रांगत चिमट्याने लेंड्या वेचत होतो. "माहेरी काय सांगू, नवऱ्याने काय दिलं?" माधुरी विचारत होती. सगळ्या लेंड्या कागदी पाकिटांत भरून अल्फारेटाला रवाना केल्या. मग बरेच आठवडे काहीच कळलं नाही.

एका रविवारी मी पोहे करत असताना फोन वाजला. पलीकडून मावशींचं नुसतं नाक ओढणं ऐकू आलं. मी घाबरून गॅस बंद केला.

"मावशी, बऱ्या आहात ना?"

"अरे," त्या कशाबशा म्हणाल्या, "डब्यात हळद आली रे."

म्हणजे जावईबापू परत आले होते. आमची पाठ वळल्यावर, निवांत, कोणी बघत नसताना.

मी फोन स्पीकरवर टाकला. माधुरी आत गेली आणि माझं डोंगरावरचं जॅकेट घेऊन आली. खिशाच्या तळाशी तेव्हाच्या अक्षता होत्या. आम्ही दोघांनी त्या मूठ मूठ फोनवर टाकल्या.

"कसला आवाज येतोय?" मावशींनी विचारलं.

"लग्न लागतंय," माधुरी म्हणाली. "तुम्ही नथ घाला."