तिसरी अट

चहा झाला होता, दूध तापत होतं आणि सासूबाई शेंगा सोलता सोलता टेबलावर रचलेल्या काळ्याभोर पुस्तकांकडे पुन्हा पुन्हा पाहत होत्या.

"अगं, ह्यावर तुझं नाव एवढं बारीक का?"

"सगळ्यांचं तेवढंच असतं, आई."

"सगळ्यांचा नवरा बाइंडर नसतो."

बाइंडर मिशीतल्या मिशीत हसला. सोनेरी अक्षरांचा ठसा त्याने काल स्वतःच्या हाताने मारला होता, तोही दोनदा तपासून. बायकोचा प्रबंध होता. गिऱ्हाइकाचा असता तर एकदाच तपासला असता.

गल्लीत ती बाइंडरबाई आणि गणित विभागात मावशी. बी.एस्सी.चा निकाल लागला आणि पाठोपाठ लग्न. मग दुकानात छापील कागदांचे फर्मे दुमडायचे, शिवायचे, पुठ्ठ्याला सरस लावायचा. इतरांचे प्रबंध तिच्या हातून कितीतरी गेले. दुमडता दुमडता ती पहिलं पान वाचायची आणि गणिताचा असला की जरा हळूच दुमडायची. चाळिशी उलटल्यावर एक दिवस तिने एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. सासूबाई म्हणाल्या, "तू आकडे मोड, चूल माझ्याकडे." पुढे त्यांनी एकदा चष्मा लावून तिचं पुस्तक चाळलं आणि त्या चक्रावल्या. "गणिताचं पुस्तक आणि त्यात एक साधी बेरीज नाही?"

प्रबंध होता एका विशिष्ट जातीच्या रचनांवर. अमुक अटी पाळणाऱ्या रचना कशा वागतात, एवढंच. दोन अटी मार्गदर्शक सरांनी दिल्या होत्या. त्या दोन अटींनी तिला रडकुंडीला आणलं. चुकीच्या छापलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूंवर लिहून लिहून दुकानातली रद्दी संपायला आली, तरी गाडं दोन लहानशा निष्कर्षांपुढे सरकेना. मग तिने स्वतःच्या डोक्याने तिसरी अट घातली आणि काय सांगावं, गाठी आपोआप सुटायला लागल्या. एकामागून एक प्रमेयं, लोण्यातून सुरी फिरावी तशी. अखेर हात बसला म्हणायचा, असं तिला वाटलं होतं. सरांनीही पाठ थोपटली होती.

दारावर थाप पडली.

दारात वर्गातली मुलगी उभी. दर तासाला हात वर करून शंका विचारायची, म्हणून सगळे तिला शंकासूर म्हणत. मावशींच्या प्रबंधाची सुटी पानं तिने शुद्धलेखनाच्या चुका बघायला नेली होती. केस विंचरलेले नव्हते.

"ये गं. चहा टाकते."

"नको, मावशी."

ह्या पोरीने ह्या घरात चहाला कधी नाही म्हटलं नव्हतं. सासूबाईंचे हात शेंगांवर थबकले.

"मावशी, तुमच्या तिन्ही अटी पाळणारं एक उदाहरण सांगा ना."

"शून्य. ते कुठल्याही अटीत बसतं, पहिल्याच पानावर लिहिलंय की."

"शून्याखेरीज."

तिने आठवून पाहिलं. एवढी प्रमेयं सिद्ध केली, पण ज्यांच्याबद्दल केली त्यातलं एकही डोळ्यासमोर येईना.

"मी तुमच्यासाठी एक छानसं उदाहरण शोधत होते," शंकासूर खाली बघत म्हणाली. "नाहीये, मावशी. असूच शकत नाही. तिन्ही अटी एकत्र आल्या की शून्याशिवाय काही उरतच नाही."

दूध वर आलं. सासूबाईंनी उठून गॅस बंद केला, पण भांडं उतरवायचं त्यांना सुचलं नाही.

"म्हणजे चुकलंय?" बाइंडरने विचारलं.

"नाही काका. एकही ओळ चुकीची नाही."

"मग झालं काय?"

"सगळं खरं आहे. फक्त ज्यांच्याबद्दल खरं आहे, ते कोणी नाहीच."

सासूबाईंनी जरा विचार केला. "म्हणजे हॉल घेतला, पत्रिका वाटल्या, जेवणाचं सांगितलं, आणि नवरामुलगा जन्मालाच आलेला नाही."

"हो आजी. तसंच."

बाइंडरबाई खुर्चीवर बसली. डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती: म्हणून सोपं गेलं. ज्या घरात कोणी राहतच नाही, त्या घरातल्या माणसांबद्दल काहीही म्हणावं, 'मी असा नाही' म्हणायला येतंय कोण? तिला ज्याचा सगळ्यात जास्त अभिमान वाटला होता, तेच नेमकं आजाराचं लक्षण होतं.

तिने सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"बाई, सिद्धता चुकीच्या आहेत का? नाही ना?" सर म्हणाले. "मग प्रती आणून द्या. उदाहरण विचारलं तर शून्य सांगा, ते खोटं नाही. सोमवारी मुदत संपते. वाढवून एकदा मिळाली, आता मिळणार नाही, माहीत आहे ना? आणि..." सरांचा आवाज उतरला. "सही माझीही आहे त्यावर."

"करते फोन परत," म्हणून तिने ठेवला.

"मी कुणालाच सांगणार नाही, मावशी," शंकासूर म्हणाली.

"दे त्या मेल्या प्रती देऊन," सासूबाई म्हणाल्या. "आत डोकावून कोण बघतंय? एवढी वर्षं लोकांची बाडं शिवलीस, त्यात काय काय रिकामं होतं ते तुला तरी कुठं ठाऊक?"

बाइंडरने वरची प्रत उचलली. कण्यावर अंगठा दाबून पाहिला. "उसवायचं असेल तर आज सांग," तो म्हणाला. "सरस अजून पुरता वाळलेला नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो पुस्तकाकडेच बघत होता. सोनेरी नावावरून त्याने बोट मात्र फिरवलं नाही, ते जपून नावापासून दूर ठेवलं.

तिने पुन्हा फोन लावला.

"सर, ह्या प्रती मी देत नाही. दोन अटींवर जेवढं जमलं होतं तेवढंच ठेवते. आणि तिसरी घातली की काहीच उरत नाही, हे सिद्ध करून पुढे जोडते."

"सोमवारपर्यंत?"

"हो."

"जमेल?"

"माहीत नाही."

"नाही जमलं तर पदवी गेली, बाई. पुन्हा पहिल्यापासून प्रवेश."

"कळतंय मला, सर."

फोन ठेवून तिने उरलेल्या रद्दीतले पाठकोरे कागद पुढ्यात ओढले. सासूबाई शेंगांची परात उचलून आत गेल्या. बाइंडरने सुरी शोधायला ड्रॉवर उघडला.

शंकासूरच्या चेहऱ्यावर मात्र पहिल्यांदाच रंग आला. ती खुर्ची ओढून जवळ सरकली.

"अहो मावशी, मग घाबरताय कशाला? मला सापडलीय ती सिद्धता. अगदी सोपी आहे, तुमच्याच नावाने लिहून टाका. हे बघा, आधी पहिली अट घ्यायची, आणि मग तिसरी..."

"थांब."

पोर थांबली.

"एक कर माझ्यासाठी," बाइंडरबाई म्हणाली. "ते मला सांगू नकोस. मला माझं काढू दे."