रिकाम्या शेतातली हाळी

भात पिकल्याचा वास आला की मला शेतातल्या माळ्यावरचा माझा भाऊ आठवतो. त्याचे पाय जन्मापासून लुळे. हातांच्या जोरावर माळ्यावर चढायचा आणि दिवसभर गात पाखरं हाकलायचा. घाटात आगगाडी सुरू झाली त्या वर्षी उन्हाळ्यात माझं लग्न झालं. बैलगाडी सासरी कळंबला निघाली तेव्हा आईनं बजावलं, मागं वळायचं नाही, ओ द्यायची नाही. शेताजवळ येताच माळ्यावरून हाळी आली, "हाऽऽ हो!" शेत तर केव्हाच कापलेलं. गाडीवाला ओरडला, "पाखरं कुठं हायत रं?" भाऊ हसून म्हणाला, "एक चाललंय की!" मी वळले नाही. आता भाऊ नाही. शेजारच्या शेतात कुणी पाखरं हाकलू लागलं, की मी चुलीपुढून हळूच ओ देते.