रांजणापासून दहा पावलं

चिपळूणहून निघताना बायकोनं विचारलं, "परत कधी?" मी म्हणालो, "कार्यक्रम झाला की." बीड जिल्ह्यात माझ्या एका मेलेल्या सोबत्याचं गाव आहे आणि मी तिथं जायचं टाळतो, एवढंच तिला सोळा वर्षं ठाऊक. या वेळी टाळता आलं नाही. गावच्या दूध संस्थेच्या चेअरमनचं पत्र आलं होतं : शहीद ज्ञानोबाच्या स्मारकाचं अनावरण तुमच्याच हातून व्हावं, अशी त्याच्या आईची इच्छा आहे.

मांजरसुंब्याचा घाट उतरताना शेजारचा प्रवासी म्हणाला, यंदा कपिलधारच्या धबधब्याची धारही आटली. बीडला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परळीची गाडी धरली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नांगरून ठेवलेली काळी राने होती, ढेकळं उन्हात दगडासारखी झालेली. कुठं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या, कुठं विहिरीच्या काठावर उलट्या ठेवलेल्या घागरी. कोकणातल्या माणसाचा डोळा सारखा हिरवं शोधतो. तेलगावपर्यंत मला लिंबाची झाडं तेवढी हिरवी दिसली.

तेलगावला एक फेटेवाले म्हातारबुवा शेजारी येऊन बसले. त्यांची जनावरं चारा छावणीत होती, तिकडंच निघाले होते.

"कुठलं गाव तुमचं?"

"चिपळूण."

"लई पाणी तिकडं. मग हिकडं कावून (का) आलाव, उन्हात मरायला?"

"ज्ञानोबा म्हणून जवान होता. त्याच्या आईला भेटायला."

"सोजरआईला? मग तसं सांगा की!" बुवा माझ्याकडं वळून बसले. "तिचा रांजण ह्या रस्त्याला समद्यांना ठावं हाय. लेकाला अखेरीला सोबत्यानं पाणी पाजलं, म्हणून ही येणाऱ्याजाणाऱ्याला पाजती. मागल्या साली ऊसतोडीहून येताना ट्रॅक्टर थांबवून आमी समदे पेलो."

तो सोबती मीच, हे सांगायला तोंड उघडलं नाही.

वाचकांनो, इथंच सांगून टाकतो. मी ज्ञानोबाला पाणी पाजलं नाही. सीमेवरच्या एका कोरड्या नाल्यात, भर दुपारी, तो माझ्यापासून दहा पावलांवर पडला होता आणि मी दगडाआड होतो. तो माझं नाव घेऊन पाणी मागत होता. आधी गोळीबार चालू होता, ते खरं. पण तो थांबल्यावरही मी उठलो नाही. पाय उचललेच नाहीत. नंतर त्याच्या आईला पत्र लिहायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा मी लिहिलं : 'ज्ञानोबानं माझ्या हातचं पाणी पिऊन प्राण सोडला.' तिला बरं वाटावं म्हणून लिहिलं, असं मी स्वतःला सांगत आलो.

सिरसाळ्याच्या अलीकडं उतरलो. रस्त्यालगत दूध संस्थेची पत्र्याची शेड, पुढं लिंब, लिंबाखाली वाळूत बसवलेला, ओलं गोणपाट गुंडाळलेला रांजण. चेअरमन वाटच पाहत होते. शेडमध्ये दुधाचे कॅन रांगेनं मांडलेले होते. मी विचारलं, "संकलन चालू आहे?"

"कशाचं संकलन, सुर्वेसाहेब! गाई छावणीत. आता ह्यात टँकरचं पाणी साठवतो. दुधाचा चेअरमन पाण्याचा झालाय." ते हसले, आणि मला लिंबापलीकडच्या चौथऱ्याकडं घेऊन गेले. काळी फरशी भगव्या कापडानं झाकली होती. त्यांनी मोठ्या कौतुकानं एक कोपरा उचलला. ज्ञानोबाच्या नावाखाली ओळ होती : 'अखेरचं पाणी देणारे सोबती हवालदार सुर्वे'.

"सभासदांच्या वर्गणीतून केलंय. कसं काय वाटलं?"

मी म्हणालो, "आईंना भेटतो आधी."

सोजरबाईंचं घर शेडच्या मागंच. सत्तरी ओलांडलेली, काटक बाई. तिनं मला पाहिलं आणि दोन्ही हातांनी माझं तोंड कुरवाळून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. पायांवर ओतायला अर्धा तांब्या दिला. ते पाणी घमेल्यात धरलं आणि शेळीपुढं ठेवलं. मग भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. मी घास गिळत होतो आणि ती माझ्याकडं बघत होती.

"लेका, बरं झालं आलास. भावकीला सांगून ठेवलंय मी. आमच्यात अखेरीला पाणी घालायचा मान लेकाचा. ज्ञानूच्या तोंडात तू घातलंस, तवा तूच माझा लेक. मी जाईन तवा माझ्या तोंडात पाणी तूच घालायचं. म्हण, घालीन."

बाहेर स्पीकरवर 'हॅलो, हॅलो' चाललं होतं. टँकर चारला येणार होता, तो आला की अनावरण. अर्धा तास होता. 'घालीन' म्हणणं फार सोपं होतं.

"आई, मी त्याला पाणी दिलं नाही," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं.

ती रडली नाही. चुलीतलं जळतं लाकूड मागं ओढलं.

"किती लांब व्हता?"

"दहा पावलं."

ती उठली. अनवाणी बाहेर गेली, रांजणाला पाठ लावून उभी राहिली आणि चौथऱ्याच्या दिशेनं पावलं मोजत निघाली. मांडव बांधणारे लोक थांबून बघू लागले. दहाव्या पावलाला ती थांबली. फरशी हाताच्या अंतरावर राहिली होती.

"एवढंच?"

"एवढंच."

"हाका मारत व्हता?"

"हो."

"किती डाव (वेळा)?"

"मोजल्या नाहीत. पुष्कळ."

"पाणी व्हतं का तुझ्यापाशी?"

"अर्धी बाटली."

"मग त्या पाण्याचं काय केलंस?"

हा प्रश्न मला सोळा वर्षांत कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

"मीच प्यालो."

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. चेअरमन घाईनं आले. "आई, लोक जमलेत, चला."

"फरशीवरलं ह्याचं नाव काढ."

"आता? अहो, कोरलंय ते!"

"मग चुना फास. आन् ह्याला माईक दे. मला सांगितलं, आता गावाला सांगू दे."

चेअरमननं माझ्याकडं पाहिलं. मी होकाराची मान हलवली. ते चुना घेऊन आले, भगवं कापड काढलं आणि माझ्या नावाच्या ओळीवर चुना फासला.

माईकसमोर मी चारच वाक्यं बोललो. हंडे-घागरी घेऊन आलेल्या बायका टँकरकडं जायचं विसरून उभ्या राहिल्या. मागून एक गडी ओरडला, "मग कावून आला बे इथं? तोंड दाखवायला?"

"मी बलावलं म्हणून आला," सोजरबाई म्हणाली. "तू गप बस."

दर साली टँकरचा पहिला तांब्या ज्ञानोबाच्या नावानं ओतायचा, अशी तिथली रीत. तिनं तो स्वतः भरला, रांजणापाशी मला उभं केलं आणि तांब्या माझ्या हातात दिला.

"जा. चालत जा."

मी निघालो. तिसऱ्या पावलाला पाणी मनगटावर सांडलं. नाल्यातली ती दुपार आणि ही दुपार, दोन्हींचं ऊन सारखंच होतं. पोहोचलो, ओतलं. चुना अजून ओला होता, त्याचा पांढरा ओघळ खाली उतरला. ज्ञानोबाचं नाव तेवढं स्वच्छ धुऊन निघालं.

संध्याकाळच्या गाडीला ती रस्त्यापर्यंत आली. गाडी दिसल्यावर बोलली.

"माझ्या तोंडात पाणी घालायला तू येऊ नको."

"बरं."

"पर उन्हाळाभर रांजण भरायला माणूस लागतंय. माझ्यानं आता कॅन उचलत न्हाई."

मी "येईन" म्हणालो. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. ती कंडक्टरला पाणी द्यायला गाडीच्या दाराकडं वळली होती.

परतीच्या वाटेवर मी क्षमेचा विचार केला नाही. ती मिळालेली नाही, आणि मागायचा मला हक्क नाही. एवढंच जाणवलं, की गेलेल्या जवानाचा मान राखायचा म्हणजे त्याच्या मरणाचं खरं तेवढंच सांगायचं. मी सोळा वर्षं त्याच्या मरणात माझं नाव कोरून ठेवलं होतं.

घरी पोहोचलो तेव्हा परसातल्या विहिरीवर पंप चालू होता, पाणी माडांच्या आळ्यांतून वाहून जात होतं. बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "कसा झाला कार्यक्रम?"

मी तांब्या घेतला, ओटीवर खाली ठेवला आणि तिला म्हणालो, "बस जरा. हे पिण्याआधी तुला एक सांगायचं आहे."