चहावर बशी झाकणाऱ्या बाई

कोणत्याही महाविद्यालयाच्या कचेरीत बाईंपुढे चहा आला, की त्या कपावर बशी पालथी घालून ठेवीत. आणून देणाऱ्याला वाटे, चहा निवू नये म्हणून असेल. वस्तुतः तो त्यांचा नियम होता. सोबत आलेल्या मुलामुलींच्या साऱ्या शंका फिटेपर्यंत त्या घोटभरही चहा घेत नसत. "गुरुजी, आपल्याकडं एकदा कुणाचा चहा पोटात गेला, की त्याला उलटं विचारायला जीभ रेटत नाही. म्हणून आधी विचारून घ्यायचं," असे त्या मला सांगत.

सेनगावच्या आमच्या विद्यालयात मी संस्कृत शिकवीत असे आणि त्या ग्रंथपाल होत्या. विद्यार्थी मात्र त्यांना 'आणखीकाय बाई' म्हणत, तेही प्रेमाने. बारावीनंतर खासगी महाविद्यालयांत मुले पाठवायची, तर तिथे काय शिकवतात आणि एकूण खर्च किती येतो, हे आमच्या भागातल्या पालकांना कोण सांगणार? ते काम बाईंनी आपणहून अंगावर घेतले होते. कचेरीतला कारकून शिकवणीची फी सांगे. बाई शांतपणे विचारीत, "आणखी काय?" मग परीक्षेची फी निघे. "आणखी काय?" वसतिगृहाची अनामत. "आणखी काय?" गणवेश, बस, प्रयोगशाळा. शेवटी तो हात जोडून म्हणे, "बाई, आता झडतीच घ्या आमची!" तेव्हा बाई हसत आणि तो सारा तपशील त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घेत.

बाई जवळच्याच एका तांड्यावर वाढल्या. त्यांचे वडील हळद पिकवीत आणि हिंगोलीच्या बाजारात नेत. लहानपणी त्याही बरोबर जात. ढिगातले एखादे हळकुंड उचलून व्यापारी ते मोडी आणि आतला रंग पाही, कारण पॉलिश केलेली हळद बाहेरून सगळीच चमकते. मी एकदा म्हणालो, "बाई, शिक्षणसंस्था म्हणजे सरस्वतीचे स्थान. तिथे इतकी उलटतपासणी शोभत नाही." त्यांनी वाद घातला नाही. त्या हिंगोलीच्या बाजारातल्या बोलीत एवढेच म्हणाल्या, "आमची हळद लोक मोडून बघत व्हते, तवा माझ्या बापाला कधी राग आला न्हाई. ज्याचं हळकुंड आतून पिवळंधमक हाय, त्याला राग काहून येईल?"

त्यांच्या वाचनालयात शब्दकोशांच्या मागे एक फळी होती. तिच्यावर महाविद्यालयांची रंगीत माहितीपत्रके आणि प्रत्येक माहितीपत्रकात टाचलेली काही साधी पाने असत. शिकायला बाहेर गेलेला विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत गावी आला, की त्याने बाईंना येऊन भेटायचे आणि आपल्या महाविद्यालयाविषयी एक पान लिहायचे, असा दंडक होता. पान लिहून झाल्याशिवाय फराळाचा डबा उघडत नसे. पाणी कसे आहे, शिक्षक तासाला येतात का, प्रवेशानंतर कोणते पैसे वेगळे मागितले, एवढेच त्यात लिहायचे. एकाने भीतभीत विचारले, "बाई, वाईट लिहिलं तर चालतं का?" बाई म्हणाल्या, "खरं लिही. तुझ्या मागून तुझीच बहीण तिथं जाईल असं समजून लिही."

एकदा एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. एक महाविद्यालय पाहून आल्याने ते भारावले होते. "बाई, इमारत काय सांगू! चार मजली हाय. लिफ्ट हाय."

"शिकवायला कोण हाय?"

"ते न्हाई इचारलं बा."

"मग लिफ्टनं वर जाऊन पोरगी काय करील? परत खालीच येईल ना?" सगळे वाचनालय हसले. ते गृहस्थही हसले आणि पुढच्याच आठवड्यात विचारून आले.

हे सारे मी वर्षानुवर्षे पाहत होतो. तरीही माझ्या स्वतःच्या नातीची वेळ आली, तेव्हा मी बाईंना विचारले नाही. माझ्या हातून घडलेला हा प्रमाद मी लपवणार नाही.

मैथिलीला नर्सिंगची चार वर्षांची पदवी घ्यायची होती. तिचे वडील हयात नाहीत, म्हणून तिला घेऊन मीच एक नवे महाविद्यालय पाहण्यास गेलो. प्रवेशद्वाराशी गणपतीचे सुबक मंदिर होते. संचालकांनी मला वाकून नमस्कार केला, 'आपल्यासारख्या विद्वानांचे पाय लागले' असे म्हणून अंगावर शाल घातली आणि हाती श्रीफळ दिले. मीही सद्गदित होऊन आशीर्वादाचे मंत्र म्हटले. ज्याला आत्ताच आशीर्वाद दिला, त्याला 'तुमची मान्यता दाखवा' असे कोणत्या तोंडाने म्हणावे? मी चहा घेतला आणि मैथिलीची मूळ प्रमाणपत्रे त्यांच्या हाती ठेवली. पैसे दुसऱ्या दिवशी भरायचे ठरले.

परतताना एस.टी.त मैथिली हळूच म्हणाली, "आजोबा, वरच्या वर्गाची एकही मुलगी दिसली नाही." आणि मी तर काहीच विचारले नव्हते. शाल अंगावर तशीच ठेवून मी थेट बाईंच्या दारी गेलो.

मला वाटले, बाई रागावतील. त्यांनी फक्त विचारले, "कागद मूळचे दिले, की झेरॉक्स?"

"मूळ."

"पावती?"

"घेतली नाही," मी म्हणालो. शासकीय प्रवेशफेरीत मूळ प्रमाणपत्रे दाखवण्यास दोनच दिवस उरले होते. ती मिळाली नसती, तर पोरीचे वर्ष गेले असते. बाई म्हणाल्या, "सकाळच्या पहिल्या गाडीनं निघू. तुमी फक्त गप बसायचं, गुरुजी. मंत्र म्हणायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी कचेरीत चहा आला आणि बाईंनी त्यावर बशी घातली. "पदवीच्या परवानगीचं पत्र बघू द्या."

कारकून चाचरला. "पदविकेचं आहे ना, बाई. पदवीची परवानगी येऊन राहिली."

"येऊन राहिली म्हंजे कुठवर आली? औंढ्याच्या फाट्यावर उभी हाय का?"

तो ओशाळला. बाईंनी मैथिलीची प्रमाणपत्रे परत मागितली, तसा म्हणाला, "साहेब बाहेरगावी गेलेत. कागदपत्रं उद्या मिळतील."

"काही घाई नाही," बाई म्हणाल्या. पिशवीतून डबा काढून त्या प्रवेशासाठी आलेल्या पालकांच्या बाकावर जाऊन बसल्या. शेजारच्या माउलीला भाकरीचा तुकडा देत त्यांनी विचारले, "ताई, तुमच्या पोरीला पदवीचं सांगितलं का? परवानगीचं पत्र दाखवलं का? आणखी काय काय दाखवलं?" ती माउली उठून कारकुनाच्या मेजाशी गेली. तिच्या मागोमाग दुसरे पालक गेले. तिसऱ्याने आवाज चढवला. बाईंनी आपला आवाज मात्र तसूभरही चढवला नाही. त्या लोणच्याची फोड चोखत बसल्या होत्या. अर्धी भाकरी संपायच्या आत बाहेरगावी गेलेले साहेब आतल्या खोलीतून प्रकटले आणि मैथिलीची सारी प्रमाणपत्रे त्यांनी स्वहस्ते आणून दिली.

बाईंनी ती एकेक करून तपासली, मैथिलीच्या हाती दिली आणि कपावरची बशी काढली. चहा थंडगार झाला होता. तरी त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत घेतला. "आता चालतंय," म्हणाल्या. माझ्या छातीवरचा धोंडा त्या क्षणी उतरला. रस्त्यावर आल्यावर मी मनोमन औंढ्याच्या नागनाथाला हात जोडले आणि बाईंना विचारले, "ही शाल परत करून येऊ का?"

"ठेवा गुरुजी. परत दिली तर आणखी कुणाच्या तरी खांद्यावर पडंल."

त्या संध्याकाळी त्यांनी फळीवरून एक साधे माहितीपत्रक काढले. आत एका जुन्या विद्यार्थिनीचे पान होते: 'पाणी जड आहे. मॅडम रोज येतात. रुग्णालय स्वतःचे आहे. बसचे पैसे नंतर वेगळे मागतात, आधीच विचारा.' आम्ही आधीच विचारले. प्रवेशफेरीत मैथिलीला तेच महाविद्यालय मिळाले आणि खर्च कागदावर लिहून दिला तेवढाच आला. अनेक दिवसांनी मी जेवून स्वस्थ झोपलो.

बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या आणि लेकीकडे नाशिकला राहावयास गेल्या. निघण्यापूर्वी फळीवरचा सारा गठ्ठा त्यांनी माझ्या घरी आणून ठेवला. "आता तुमी विचारा, गुरुजी. तुमाला आता सगळं कळतंय," म्हणाल्या. मी चहा पुढे केला, तेव्हा त्यांनी कप तसाच उचलला. बशीकडे पाहिलेसुद्धा नाही. इतक्या वर्षांत मला कुणी यापेक्षा मोठा मान दिल्याचे स्मरत नाही.

बाईंविना आलेल्या पहिल्या दिवाळीत मैथिली सुट्टीवर आली. तिची आजी चकल्यांचा डबा उघडू लागली, तसा मी तो बाजूला सरकवला आणि नातीपुढे कोरे पान ठेवले. तिने ते मन लावून लिहिले. मी देवघराशेजारच्या कोनाड्यातून गठ्ठा काढला, तिचे पान त्यात टाचले आणि पोथी बांधावी तशा चारही कडा दुमडून तो पुन्हा बांधला. तो मी त्याच शालीत बांधून ठेवतो.