संत्र्याचं बदक आणि सखारामबुवा

सखारामबुवांनी आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावला नाही, आणि कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाइन द्यायची यावरून त्यांनी माझं जेवढं डोकं खाल्लं तेवढं माझ्या सासुरवाडीनेही खाल्लं नाही.

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता. यंत्रं बसवायला परदेशी इंजिनिअर येत, आणि त्यांच्या बंगल्याची व्यवस्था माझ्याकडे होती. राज्यात दारूबंदी. पाहुण्यांना परमिटवर मिळणाऱ्या बाटल्या माझ्या कपाटात, किल्ली माझ्या जानव्याला. स्वयंपाकघर मात्र सखारामबुवांचं. चाकणजवळच्या खेड्यातले साठीचे गृहस्थ, पूर्वी खडकीच्या छावणीत गोऱ्या साहेबांकडे खानसामा होते. गळ्यात तुळशीची माळ. बदक रांधायचे, पण चाखायचे नाहीत. म्हणायचे, "हात पोटासाठी बाटले, भाऊसाहेब. जीभ इठ्ठलाची हाय."

मग चाखायचे काय? तर मांसावर ओतायचा फळांचा रस, तोही मांसात पडायच्या आधी. संत्र्याचा, अननसाचा, कैरीचा. त्यामुळे त्यांच्या लेखी पदार्थ म्हणजे ते फळ. खाली बदक असो नाहीतर कोंबडी. आणि वाइन? बाटली उघडली की एक थेंब चिमटीत घेऊन वाळेपर्यंत चोळायचे. बोटं चिकटली तर गोड, नाहीतर आंबट. असलं शास्त्र! "फळापरीस बाटली गोड पायजे," हे मी दिवसातून दहा वेळा ऐकायचो. एकदा वैतागून म्हटलं, "अहो, पिणाऱ्यांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?" त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला, आणि वर कपभर चहा दिला. चहा अगदीच फिका लागला. "साकर रोजच्यावानीच हाय," म्हणाले. मला आणखीच संताप आला, कारण त्यांचं बरोबर होतं.

मॅनेजरसाहेबांचा नियम वेगळा. बदकाला लाल वाइन, बस्स. विलायतेत शिकून आले होते. बुवा त्यांना तोंडावर "न्हाई जमायचं" म्हणायचे. शेवटी साहेबांनी मला बजावलं, "पुन्हा हुज्जत घातली तर म्हातारा घरी." मी बुवांपुढे अक्षरशः हात जोडले. त्या वयात दुसरी नोकरी कोण देणार होतं त्यांना?

मुख्य इंजिनिअरच्या निरोपाच्या जेवणाला संत्र्याचं बदक ठरलं. साहेबांचा हुकूम लाल बाटलीचा, तो मी बुवांना सांगितला. त्यांनी लाल थेंब चोळला, बोटं सुटी झाली, आणि स्वारी कपाटासमोर ठाण मांडून बसली.

"पिवळी काढा, ती गोड हाय. संत्र्यासंगं ही लाल कडू लागंल."

"बुवा, नोकरी जाईल तुमची!"

"पाव्हन्यानं तोंड वाकडं केलं, तर ती नोकरी कशाला ठिवायची?"

पानं वाढायची वेळ झाली होती. मी चरफडत किल्ली काढली. "घ्या बाबा, घाला काय घालायचा तो गोंधळ!" आणि पिवळी बाटली माझ्याच हाताने त्यांना दिली.

पाहुण्याने बदक दोनदा घेतलं, बाटली संपवली आणि स्वयंपाकघरात येऊन बुवांचा हात हातात घेतला. साहेबही हसत होते. मला वाटलं, सुटलो.

सकाळी साहेबांनी दोघांना बोलावलं. मला विचारलं, "यांना लाल बाटली सांगितली होती ना?"

"सांगितली होती," मी म्हणालो. खरंच सांगितली होती. पण पिवळी मीच काढून दिली, हे पुढचं वाक्य मी बोललो नाही. बुवांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेबांनी त्यांना दुपारपर्यंत जायला सांगितलं.

फाटकापाशी मी त्यांना गाठलं आणि वर त्यांच्यावरच ओरडलो. "गप्प का बसलात? सांगायचं ना, बाटली कुणी दिली ते! एरवी तर तुमचं तोंड बंद होत नाही!"

त्यांनी वळकटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "दोगांनी जाऊन काय करायचं, भाऊसाहेब? तुमची पोर ल्हान हाय." आणि चाकणच्या रस्त्याला लागले.

मला तेव्हा ती एकच मुलगी होती. त्यांच्या घरात सात माणसं त्या पगारावर जेवत होती, आणि हे मला ठाऊक होतं. मी फाटक लावून आत आलो.