मास्तर चालत वाजवतात

नागपूर स्टेशनावर उतरलो तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि मी आधीच चिडलेलो होतो. रात्रभर गाडीत माझ्या बास गिटारच्या पेटीवर कुणीतरी पाय पसरून झोपलं होतं, आणि सोबतचे देसाई मुंबईपासून एकच पालुपद आळवत होते, "स्टुडिओ सोडून इथं कशाला?" देसाई आमच्या रेकॉर्ड कंपनीचे ध्वनिमुद्रक. इथं येण्याचं कारण त्यांना दहादा सांगून झालं होतं. आमच्या चौघांच्या बँडची ही पहिलीच तबकडी, आणि ड्रम वाजवणारा अशोक नागपूरला रेल्वेत कारकून. त्याला रजा मिळेना, म्हणून आम्हीच त्याच्या गावी आलो. जॅझ-रॉक म्हणजे काय, हे मला घरी अजून समजावता आलेलं नाही. आई त्याला 'तुमचा तो गलका' म्हणते.

आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षीचा मे महिना होता. इतक्या सकाळीही रस्त्यातून धग येत होती. सदर भागातल्या ज्या हॉलमध्ये ध्वनिमुद्रण करायचं होतं, त्याच्या समोरच एक बाई पोहे विकत होत्या.

"तर्री (तिखटजाळ रस्सा) टाकू?"

"थोडी."

"थोडी काहून? पाहुणे दिसता बाहेरचे!" म्हणत त्यांनी पळीभर ओतलीच. वरून मूठभर सांबार (आपली कोथिंबीर) टाकला. डोळ्यांतून पाणी आलं, पण त्या तीन दिवसांत माझ्यावर उपकार केले असतील तर त्या पोह्यांनी.

हॉलमध्ये वाळ्याचे दोन मोठे कूलर होते. ते लावले की टेपवर घरघर यायची, बंद केले की गिटारच्या तारा उतरायच्या आणि माणसंही. शेवटी पहाटे पाच ते नऊ एवढंच काम करायचं ठरलं. पहिले दोन दिवस त्यात गेले. देसाई हूं की चूं न करता बटणं फिरवायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं की आमच्यात त्यांना काही राम वाटत नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटत नव्हता.

तिसऱ्या दिवशी अशोक त्याच्या मोहल्ल्यातल्या वामन मास्तरांना घेऊन आला. मास्तर लग्नातल्या बँडपार्टीचे प्रमुख, ट्रंपेट वाजवायचे. साठीचे असतील. त्या दिवशी जवळच्या मौद्याला लग्न होतं, म्हणून सोनेरी दोऱ्याचा लाल कोट घालूनच आले होते. देसायांनी त्या कोटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी नजर चुकवली नाही.

मास्तरांना माइकसमोर उभं केलं. सूर बरोबर होते, पण जीव नव्हता. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मास्तरांचे पाय आपोआप हलले आणि ते वाजवत वाजवत दाराकडे निघाले.

"अहो, जागचे हलू नका!" देसाई ओरडले.

"काहून?" मास्तर थांबून म्हणाले. "चाळीस वर्षं झाली, रस्त्यानं चालूनच वाजवून राहिलो मी. उभा राहिलो तं वरात पुढं कशी जाईन गा?"

अशोक हसला. माझ्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. मी म्हणालो, "मास्तर, बाहेर जा. अंगणाच्या टोकापासून वाजवत या, माइकपाशी या, आणि तसेच परत जा."

मास्तर माझ्याजवळ आले. मग हळूच म्हणाले, "मले एक सांगा भाऊ. लोकायले मी दुरून येताना ऐकू येतो. मी येऊन राहिलो तं कसा वाटतो, हे मले कधी ऐकायलेच नाही भेटलं. रेकॉर्डवर ऐकू येईन?"

"येईल," मी म्हणालो. शब्द दिला.

अंगणातून तो सूर आला. आधी नुसता अंदाज, मग अशोकच्या काठ्यांना बिलगत जवळ, मग अगदी छातीवर, आणि मग तसाच सावकाश लांब. नऊ मिनिटं. आमच्या गलक्याला पहिल्यांदा कुठून तरी कुठे तरी जाता आलं. मास्तरांनी घाम पुसला, चहा घेतला आणि मौद्याची एसटी गाठायला निघून गेले.

मुंबईत महिन्याभराने देसायांनी आम्हाला बोलावलं. "सुरुवातीला आवाज येतच नाही. गिऱ्हाइकाला वाटेल रेकॉर्डच खराब आहे, परत आणून देईल." ते टेप कापायचं ब्लेड घेऊन बसलेलेच होते. मास्तरांचं येणं कापलं, जाणं कापलं, मधलं तेवढं ठेवलं. मी तोंड उघडलं, तर आमचाच गिटारवाला म्हणाला, "पहिली रेकॉर्ड आहे, हट्ट नको." मी तोंड मिटलं. टेपची वेटोळी टेबलाखालच्या टोपलीत पडली.

तबकडी निघाल्यावर ती घेऊन मी एकटाच नागपूरला गेलो. चौदा तास गाडीत देसायांना, कंपनीला, गिटारवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. एकही उरली नाही.

अशोकच्या घरी ग्रामोफोन होता. मास्तर आज साधा सदरा घालून आले होते, बायकोलाही घेऊन. "वं, ऐक आता, मी लांबून येतो पाहा," म्हणून त्यांनी तिला जवळ बसवलं. सुई टेकली. पहिल्याच क्षणाला ट्रंपेट अगदी कानाशी वाजू लागलं. मास्तर दाराकडे तोंड करून बसले होते, ते तसेच राहिले. गाणं अचानक संपलं.

"मी कुठून आलो?" त्यांनी विचारलं. "मले तं उभंच करून ठेवलं गा यायनं."

मी देसायांचं सांगितलं, गिऱ्हाइकाचं सांगितलं, ब्लेडचं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला. मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही होते ना तिथं?"

"होतो."

"मंग?"

त्यांच्या बायकोने माझ्यापुढे संत्री सोलून ठेवली.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली, पाऊस झाल्यामुळे हवाही गार होती, आणि मी संतापाने नुसता धुमसत होतो. पण आता देसायांवर रागावता येईना. त्या दिवशी कापून झाल्यावर ते ब्लेड पुसून चहाला उठून गेले होते. गिटारवालाही त्यांच्या मागोमाग गेला होता. खोलीत मी एकटाच होतो. येणं आणि जाणं, दोन्ही माझ्या पायाशी टोपलीत पडलं होतं. उचलायला फक्त वाकायचं होतं.