दारवाल्या बाईंचा भोपळा

लॉगॅरिदमच्या असमानता शिकवायच्या दिवशी बाई वर्गात येत, हजेरी घेत, आणि खडूला हात न लावता सरळ बाहेर जाऊन दार ओढून घेत. मग बाहेरून टकटक.

"कोण आहे?" आतून पोरं ओरडत.

"उणे पाच!"

"प्रवेश नाही!"

"शून्य!"

"प्रवेश नाही!"

"पाव!" इथे निम्मा वर्ग फसायचा. पाव म्हणजे इवलासा, याला काय आत घ्यायचं? मग बाई दार ढकलून आत येत आणि म्हणत, "अरे, लहान असला म्हणून काय झालं? शून्याच्या वर आहे ना? या, पावसाहेब, बसा."

लॉगच्या कंसात शून्य आणि उणे संख्या चालत नाहीत, एवढीच काय ती गोष्ट. पण नुसती सांगितली तर पोरं या कानाने ऐकतात आणि त्या कानाने सोडून देतात, हा बाईंचा इतक्या वर्षांचा अनुभव. शेजारच्या वर्गावरचे इतिहासाचे सर या टकटकीला वैतागलेले असत. पण बाईंना बोलायची छाती कुणाची होती? पोरांनी मात्र त्यांचं नाव दारवाल्या बाई ठेवलं होतं आणि बाईंना ते मनातून आवडायचं.

त्यांचा नियमही तसाच कडक. गणित कुठलंही असो, पहिली ओळ दाराची. कंस शून्यापेक्षा मोठा, असं आधी लिहायचं, मग पुढचं. ती ओळ नसली तर उत्तर बरोबर असूनही भोपळा. रडा, हातापाया पडा, बाई बधायच्या नाहीत.

त्या वर्षी बाईंचा स्वतःचा मुलगा त्यांच्या वर्गात आला. तो पाळण्यात होता तेव्हापासून बाई या वर्षाची वाट बघत होत्या. आणि वर्ष आलं तेव्हा घाबरून गेल्या. आपण लेकाला झुकतं माप देतो असं कुणी म्हणालं तर? म्हणून त्यांनी माप उलट्या बाजूला झुकवलं. दुसऱ्याचं पोर चुकलं तर पाठीवर हात, आपलं चुकलं तर कानाला पीळ. शाळेत तो त्यांना बाई म्हणायचा, तुम्ही म्हणायचा. घरी आई म्हणायचा, पण तेही हल्ली जरा जपूनच.

चाचणी झाली. एक प्रश्न असा होता: पाया दोन, कंसात क्ष उणे एक, आणि हा लॉग तीनपेक्षा मोठा. मुलाने थेट लिहिलं, क्ष उणे एक हे आठपेक्षा मोठं, म्हणून क्ष नऊपेक्षा मोठा. दाराची ओळ नव्हती. बाईंनी भोपळा काढला, जरा ठसठशीतच.

पेपर मिळाल्यावर तो उभा राहिला. "बाई, कंस आठपेक्षा मोठा आहे, असं माझ्या उत्तरातच आलंय. जो आठपेक्षा मोठा, तो शून्यापेक्षा मोठा असणारच. मग दार पुन्हा कशाला तपासायचं?"

वर्गातली चाळीस डोकी एकदा त्याच्याकडे वळली, एकदा बाईंकडे.

"नियम म्हणजे नियम. जागेवर बस," बाई म्हणाल्या.

तो बसला. त्या दिवसापासून घरात त्याचं तोंड फक्त जेवायला उघडायचं. बाईंचे यजमान चष्म्याच्या दुकानात होते, स्वभावाने गमत्या. "आपल्या घरात सध्या मूकपट चालू आहे," असं ते म्हणाले, पण हसलं कुणीच नाही. मग एका संध्याकाळी मुलाने वडिलांना सांगितलं, आईकडे न बघता, की मला तुकडी बदलायची आहे. शेजारच्या तुकडीला गणिताला दुसरे सर आहेत, तिकडे जातो.

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. इतक्या वर्षांनी एकदाचा वर्गात आलेला मुलगा, आणि तो निघाला!

दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला त्या शिक्षकांच्या खोलीत पेन्सिल घेऊन बसल्या. तेच गणित पाया अर्धा करून सोडवलं. पाया अर्धा, लॉग उणे तीनपेक्षा मोठा. तिथे चिन्ह उलटतं, आणि कंस आठपेक्षा लहान असं येतं. आता आठपेक्षा लहान म्हणजे सातही, शून्यही आणि उणे पाचही. तिथे दार लावावंच लागतं, नाही तर नको ते सगळे आत घुसतात. पण त्याच्या गणितात कंस आठपेक्षा मोठा होता. तिथे दार आपोआपच लागलेलं होतं. पोरगं बरोबर बोलत होतं.

आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. हाच प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर बाई खुशीने नाचल्या असत्या, त्याला फळ्यापाशी बोलावलं असतं. आपल्या पोराने विचारला म्हणून त्याला खाली बसवलं. बाईंना स्वतःची लाज वाटली, आणि पोराची फार दया आली.

पुढच्या तासाला त्यांनी दोन्ही गणितं फळ्यावर शेजारी शेजारी मांडली. "या डावीकडच्या गणितात दाराची ओळ नसली तरी चालतं. उजवीकडच्यात चालत नाही. हे त्या दिवशी मला वर्गात विचारलं गेलं आणि मी उत्तर न देता विचारणाऱ्याला खाली बसवलं. चूक माझी. डावीकडच्या गणितात ज्यांनी ज्यांनी ती ओळ गाळली आणि बाकी बरोबर लिहिलं, त्या सगळ्यांनी पेपर आणा."

सहा-सात पोरं उड्या मारत आली. त्यांचा मुलगा सगळ्यांत शेवटी आला. बाईंनी मार्क दिले, सही केली.

संध्याकाळी बाई ओट्यापाशी काकडी चिरत होत्या. तो येऊन शेजारी उभा राहिला.

"आई, मी ती ओळ विसरलो होतो."

"म्हणजे?"

"विसरलोच होतो. ते आठपेक्षा मोठा वगैरे मला भोपळा बघून सुचलं. रागात."

बाईंना हसू आलं. "रागात सुचलं म्हणून खोटं ठरत नाही. मार्क राहू देत."

"पण तुकडी मी बदलणार आहे."

सुरी थांबली. "अजून रागावलायस?"

"नाही गं. पण माझा पेपर तू दोनदा वाचतेस. एकदा आई म्हणून, आणि मग त्या आईला गप्प बसवायला बाई म्हणून. मला एकदाच वाचलेला पेपर हवाय." मग तो जरा घुटमळला. "आणि वर्ष सुरू झाल्यापासून तू घरी मला एक गणित सांगितलं नाहीस. बाकीच्यांवर अन्याय होईल म्हणून. बाकीच्यांच्या आया सांगतात की!"

बाईंना भरून आलं. इतके महिने त्यांनी सगळ्या वर्गाला न्याय दिला आणि घरातलं एक पोर आईवाचून ठेवलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जा. उद्याच मुख्याध्यापकांना सांगते."

"मग आता सांग. पाया अर्धा असला की चिन्ह उलटतं कशाला?"

"वर्गात आलेख काढून सांगितलं होतं की!"

"ते बाईंनी सांगितलं. तू सांग."

बाईंनी नवी काकडी घेतली. मधोमध कापली, अर्धी बाजूला सारली, उरलेल्या अर्धीचे पुन्हा दोन केले, त्यातल्या एकाचे पुन्हा दोन. "एकदा कापलं, अर्धी. दोनदा, पाव. तीनदा, पावाचाही अर्धा. किती वेळा कापलं तो आकडा म्हणजे लॉग. तो वाढतोय ना? आणि तुकडा?"

"लहान होतोय," तो म्हणाला, आणि तो सगळ्यांत लहान तुकडा उचलून त्याने तोंडात टाकला.